गच्चीवरच्या बाईंची वीज

भर मे महिन्यात दुपारी सगळी सदाशिव पेठ सावली शोधत असताना आमच्या बाई उन्हाकडे निघालेल्या असत. डोक्याला ओला पंचा, पायात कॅनव्हासचे बूट. कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात त्या सर्वांत ज्येष्ठ, मी सर्वांत नवी. विद्यार्थी त्यांना ‘गच्चीवरच्या बाई’ म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

गच्चीवर त्यांनी आरशांचे तुकडे चिकटवून एक मोठी तबकडी केली होती. ती ऊन गोळा करून बिस्किटाएवढ्या एका पट्टीवर टाकायची. पट्टी वरून तापायची, खालून पाण्याची पेटी तिला गार ठेवायची आणि या दोन तापमानांतल्या फरकातून थेट वीज निघायची. वाफ नाही, चाक नाही, आवाज नाही. "यात फिरणारं काही नाही, म्हणून बिघडणारंही काही नाही," असं त्या स्टाफरूममध्ये चकरा मारणाऱ्यांकडे बघत म्हणत. मला मात्र सारखं बजावत, "ऊन फुकट मिळतं गं. गारवा कमवावा लागतो."

ते दिवस कॉम्प्युटरचे होते. गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि संस्थेला गच्चीलगतची आमची प्रयोगशाळा कॉम्प्युटरसाठी हवी होती. प्रयोग चालवून दाखवा, नाहीतर खोली सोडा, असं ठरलं. तो बघायला सकाळी दहाला येणारी संस्थेची समिती उगवली दुपारी दोनला.

"या. ऊन आपल्यासाठीच थांबलंय," बाई म्हणाल्या.

पट्टीला जोडलेला रेडिओ सकाळी खणखणीत वाजत होता. आता तो कुजबुजला आणि गप्पच झाला. पेटीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं आणि टाकी तोवर चांगलीच तापली होती. दोन्ही बाजू गरम, मग फरक उरणार कुठून? तेवढ्यात समितीचे अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "बाई, जरा गार पाणी मिळेल का हो?"

पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला माठ बाईंनी उचलला आणि पेटीतलं गरम पाणी सोडून देऊन तो तिच्यात रिकामा केला.

"पाणी नंतर. आधी रेडिओ ऐका."

रेडिओ पुन्हा वाजू लागला. अध्यक्ष तहानलेले होते, पण हसत होते. खोली राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय."

"मग एवढं भांडलात कशासाठी?"

"माझ्यासाठी कोण भांडतंय? तुला कुठे बसवणार होते ते?"

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. ती खोली संस्थेनं नंतर दोनदा मागितली. दोन्ही वेळा मी भांडले, आणि दिली नाही.