रिकाम्या स्ट्रेचरची शर्यत

मी एकदा रिकामं स्ट्रेचर घेऊन शर्यत जिंकले आहे.

तेव्हा मी लेफ्टनंट होते, नर्सिंग ऑफिसर. पोस्टिंग डोंगरातल्या एका फील्ड हॉस्पिटलला. ट्रेनिंग नुकतं संपलेलं. गणवेशाची इस्त्री कडक आणि मान त्याहून कडक. युनिटच्या स्पोर्ट्स डेला स्ट्रेचर रेस होती. चौघांनी उचलायचं, एकाने पेशंट म्हणून आडवं व्हायचं. पुढचा एक दांडा माझ्या हातात. पेशंट होता हवालदार मारुती खोत, नर्सिंग असिस्टंट, निपाणीजवळच्या एका खेड्यातला. मी बेळगावच्या वडगावची, विणकराची पोर. आपल्या भागातला म्हणून मीच त्याला निवडला होता. त्याचं नशीब.

शिट्टी झाली. परेडवर शिकले होते तसा मी हुकूम सोडला, "लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट!" चौघांची पावलं एकदम पडायला लागली आणि स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलायला लागलं. शेवटच्या वळणावर ते अचानक हलकं झालं. मला वाटलं, अंगात जोर संचारला. मागचे दोघे ओरडत होते. मला वाटलं, हुरूप देतायत. फीत तोडून मागे बघितलं, तर मारुती वळणावर धुळीत बसून टोपी झटकत होता.

त्याच्या कोपराला पट्टी मीच बांधली. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मॅडम, माणूस उचलला की पावलं जुळवायची न्हाईत. एकाचं डावं पडलं की दुसऱ्याचं उजवं. मग स्ट्रेचर झुलत न्हाई. आन् पळायचं किती, ते पेशंटनं ठरवायचं."

त्यानंतर रोज सकाळी पीटीला आम्ही सोबत पळायचो. माझ्यापेक्षा दुप्पट दम होता त्याला, पण त्याने मला कधी मागे टाकलं नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी वाटेत आमच्या ॲम्ब्युलन्सवर दरड कोसळली. तिच्यासोबत गेलेल्या मारुतीने दोन पेशंट बाहेर काढले. हॉस्पिटलच्या रेडिओ सेटवर मी होते.

"दोन पेशंट सेफ. एक बाकी. परत जातो. ओव्हर."

"दरड अजून सुटते आहे. थांबा. ओव्हर."

"पेशंट थांबणार न्हाई, मॅडम. आउट."

दुसरी दरड त्यानंतर आली. सेट मी बराच वेळ चालू ठेवला.

मी मेजर म्हणून निवृत्त झाले आणि वडगावला परत आले. मारुतीची बायको गंगाक्का निपाणीत विड्या वळून दोन मुलं वाढवत होती. आता तीही आज्जी, मीही आज्जी. स्ट्रेचरची ती गोष्ट मारुतीने सुट्टीत घरी रंगवून सांगितली होती. मला बघितलं की ती अजून पदर तोंडाला लावून हसते.

आमच्या भागातले माजी सैनिक दर हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी तीन शर्यती ठेवतात. शनिवारी सकाळी सांबऱ्याला दहा किलोमीटर, संध्याकाळी वडगावात पाच, रविवारी निपाणीजवळ एकवीस. तिन्ही मुदतीत पुऱ्या केल्या की मेडल मिळतं, पण मेडलसाठी कोणी एवढे पाय झिजवत नाही. शेवटी मैदानावर रोलकॉल होतो. तिन्ही पुऱ्या करणारा प्रत्येक जण या भागातल्या एका शहीद जवानाचं नाव पुकारतो आणि सगळं मैदान त्या जवानाच्या वतीने उत्तर देतं, "हजर!" घरच्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकायचं. नावं जास्त आणि पुरे करणारे कमी, म्हणून उरलेली नावं माइकवरून एका दमात वाचून टाकतात. मारुतीचं नाव दर वर्षी त्या उरलेल्यांत असायचं.

गेल्या खेपेला मी गंगाक्काला म्हटलं, "पुढच्या वर्षी हाक मी मारणार."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? आदी तुझ्या गुडघ्यास्नी इचार."

गुडघ्यांना विचारलं नाही. हुकूम दिला. वर्षभर पहाटे उठून पळाले. नात म्हणाली, "आज्जी, मेडल दुकानात मिळतं गं." तिला म्हटलं, दुकानात हाक मिळत नाही.

शनिवारच्या दोन्ही शर्यती मुदतीत झाल्या. सांबऱ्याला वडगावचाच एक तरणा पोरगा, सतीश, पॉवरलूमवर काम करणारा, माझ्या बाजूने सुसाट गेला आणि वळून म्हणाला, "आज्जी, रिक्षा बोलवू काय?"

"तुलाच लागंल बघ," मी म्हटलं.

रविवारी सकाळी पाय लाकडाचे झाले होते, पण हिशेबाने पळत होते. शेवटचा टप्पा उरला होता, मुदत हातात होती. तंबाखूच्या शेताच्या कडेला, शर्यत बघायला आलेले चार-पाच जण घोळका करून उभे दिसले. मध्ये सतीश पडलेला. डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर नुसतं कण्हत होता. नाडी बारीक आणि पळती. दोन दिवसांत तिसरी शर्यत, आणि पठ्ठ्या सकाळी काही न खाता पळायला उतरला असणार. ॲम्ब्युलन्स नुकतीच दुसऱ्या एकाला घेऊन निपाणीला गेलेली. डॉक्टर फिनिशवर.

घड्याळ बघितलं. एकदाच. मग बघायचं सोडलं.

"वाटेवरच्या झेंड्यांचे दोन बांबू काढा. टी-शर्ट उतरवा, बांबू त्यातून ओवा."

"आज्जी, तुमची शर्यत जाईल की," एक जण म्हणाला.

"जाऊ दे. शर्ट काढ."

चौघांनी सतीशला उचललं. मी त्याचं मनगट धरून बाजूने चालले. चौघेही पोलीस भरतीची तयारी करणारे, सवयीने त्यांची पावलं एकदम पडायला लागली. स्ट्रेचर झुललं. मी अशी ओरडले की शेतातले बगळे उडाले. "पावलं जुळवू नका! याचं डावं, त्याचं उजवं!" स्ट्रेचर स्थिर झालं. थोड्या वेळाने सतीशने डोळे उघडले.

"आज्जी... कुठं चाललोय?"

"तुझी रिक्षा आलीया. गप पड."

आम्ही फिनिशवर पोहोचलो तेव्हा मुदत संपून गेली होती. डॉक्टरांनी सतीशला ताब्यात घेतलं. शर्यतीचे प्रमुख आप्पा, निवृत्त सुभेदार, माझ्याजवळ आले.

"मॅडम, तुमचा टाइम मी धरतो. सगळ्यांनी बघितलंय."

"आप्पा, मुदत म्हणजे मुदत. मी बाहेर."

बोलताना मान कडकच होती. पण पहिल्या रांगेकडे मला बघवेना.

रोलकॉल सुरू झाला. एकेक जण पुढे आला, एकेक नाव झालं. मग उरलेली नावं वाचायला आप्पांनी माइक उचलला. तेवढ्यात गंगाक्का उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे केला. घरच्यांनी ऐकायचं असतं, पुकारायचं नसतं. आप्पांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि माइक दिला. तो तिने कमरेशीच धरला. शेतातून कोणाला जेवायला बोलवावं तशा आवाजात ती ओरडली, "हवालदार मारुती खोत!"

"हजर!"

मैदान गरजलं. सलाइन लावलेला सतीशही खाटेवरून ओरडला. मीही ओरडले, सावधानमध्ये उभी राहून.

गंगाक्काने माइक आप्पांना परत दिला. माझ्याजवळ येऊन बसली. पदराने माझ्या तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "ह्या खेपेला पेशंट पाडला न्हाईस न्हवं? मग तूच पैली आलीस बघ."