मिठाचा कोपरा

मी मराठीचा मास्तर. शाळा सुटली की धरणगावात जीवरामभाऊंच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो. शुद्धलेखनाची चूक दिसली की माझं डोकं फिरतं. शहाण्णव सालच्या लग्नसराईत जे घडलं त्यात सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मीच होतो, हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट मात्र कुंदाबाईची आहे.

चैत्रात एक दिवस लोटन पाटील पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' छापतात, तिथं छापलं होतं 'चि. सौ. का'. डोक्यावरचं टिंब गेलं आणि त्या टिंबासोबत पुढचा ठिपकाही गेला. पाटलांनी पत्रिका माझ्यापुढे धरली आणि शांतपणे विचारलं, "गुरुजी, हाऊ 'का' कसाना शे? मनी पोरवर तुमले शंका शे का?"

मुद्रितावर सही माझी होती. तरी बोंब मीच मारली. पत्रिका जुळवली होती चुडामण नानांनी, म्हणून सगळं खापर त्यांच्यावर फोडलं आणि वर जीवरामभाऊंना सांगितलं, "नानांचे डोळे गेले. दुसरा माणूस बघा."

नानांनी तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले होते. उलटा 'र' असो की जोडाक्षर, ते बोटांनी ओळखायचे. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी तेही शिकले. हा कॉम्प्युटर धुळ्याच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला, पाटासारखा बुटका आणि चपटा. त्याच्या पडद्यावर अख्खं पान एकदम पाहिलं की अक्षरं मुंगीएवढी दिसायची आणि टिंबं मुळीच दिसायची नाहीत. पान मोठं करावं तर मशीन एकेक अक्षर असं काढत बसायचं, की तोवर कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन यावं. दिवसाला वीस पत्रिका असताना चहा कोण पिणार? नाना लहान पानावरच अदमासानं काम करायचे. मी हे त्यांना कधी विचारलं नाही.

जीवरामभाऊ वाईट माणूस नव्हे. पण गावभर 'का'चीच चर्चा होती. त्यांनी नानांना सांगून टाकलं, "आखाजीपर्यंत तुम्ही बसा. आखाजीनंतर जळगावचा ऑपरेटर येईल." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. नानांनी मान हलवली, रुमालानं कीबोर्ड पुसला आणि पुढची पत्रिका घेतली. मला वाटलं होतं, भांडतील. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी प्रिंटर अडला म्हणून गावातली दुरुस्तीवाली कुंदाबाई आली. प्रिंटर दहा मिनिटांत झाला. पण ती निघाली नाही, नानांच्या मागं स्टुलावर बसून त्यांचं काम पाहत राहिली. मग उठून जीवरामभाऊंना म्हणाली, "नानाना डोया चांगला शेतस, भाऊ. मशीनना डोया गयात."

कुंदाबाई मूळची भडगावची. नवऱ्याचं धरणगावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं दुकान. तो मोठी कामं करायचा आणि बारीक तारेचं काम हिच्याकडे यायचं. त्यातून ती रेडिओकडे वळली, मग टीव्हीकडे. कॉम्प्युटर आले तेव्हा वर्षभर दर गुरुवारी एसटीनं जळगावला जाऊन एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नुसती बघत बसली. इंग्रजी तिला अक्षरं जोडून वाचण्याइतकंच येत होतं. मी एकदा मास्तरकीच्या तोऱ्यात विचारलं, "बाई, ही पुस्तकं तुम्हाला कळतात का?" ती म्हणाली, "नही कळत. म्हणून तर मशीन उघाडीसन दखस."

तिचं म्हणणं सोपं होतं. या मशीनचा मेंदू म्हणजे प्रोसेसर काढून दुप्पट वेगाचा बसवायचा आणि चित्र काढायला वेगळं डिस्प्ले कार्ड लावायचं. मग पान मोठं करायला वेळ लागणार नाही आणि नानांना टिंब दिसेल. दोन्ही जुन्या वस्तू जळगावात मिळत होत्या. जीवरामभाऊंनी पुष्कळ वेळ विचार केला. मशीन एकच होतं. भर लग्नसराईत ते मेलं असतं तर आखाजीची वाट न बघता नाना त्याच दिवशी घरी गेले असते. शेवटी नानाच म्हणाले, "करू द्या तिले."

रविवारी दुपारी ती सामान घेऊन आली. सोबत घरची स्टीलची थाळी होती. आम्हाला वाटलं, डबा आणला. तिनं मशीनचं झाकण काढलं आणि निघालेला एकेक स्क्रू थाळीत ठेवायला लागली. झाकणाचे डावीकडे, चटणी-कोशिंबिरीच्या जागी. ड्राइव्हचे उजवीकडे, भाजीच्या जागी. अगदी पहिला निघालेला स्क्रू मात्र वर, मिठाच्या जागी.

तिचे वडील वना आबा भडगाव पट्ट्यात पंगती वाढायचे. पाचशे पानं असोत की हजार, पानात पहिलं मीठ पडायचं. मीठ चुकलं की पुढचं सगळं ताट फिरतं, असं ते म्हणायचे. प्रोसेसरच्या चौकोनाचा एक कोपरा किंचित कापलेला असतो. खालच्या जागेवर तशीच खूण असते. ते दोन कोपरे जुळले नाहीत आणि वीज सोडली, तर नवा प्रोसेसर तिथंच जळतो. कुंदाबाई त्याला मिठाचा कोपरा म्हणायची. "पैले मीठ कथं शे ते दखानं," ती नानांना सांगत होती, "मंग बाकीनं वाढानं."

जुना प्रोसेसर जागेत घट्ट बसला होता. तिनं चारही बाजूंनी पातळ पट्टी घालून त्याला थोडं थोडं वर घेतलं. एकाच बाजूनं जोर लावला तर खालचे पाय वाकतात. अर्धा तास गेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पंखा बंद ठेवला होता, कारण वाऱ्यानं धूळ उडते. माझा सदरा अंगाला चिकटला. तिच्या हातांनी मात्र घाई केली नाही. नवा प्रोसेसर तिनं मिठाचा कोपरा जुळवून ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबला.

कार्डानं मात्र छळलं. बुटक्या पेटीत ते आडवं बसवायचं होतं आणि बोटभर लांब निघालं, ड्राइव्हला अडायचं. तिनं ड्राइव्ह सोडवून शेजारच्या जागेत सरकवला, त्याची पट्टी वायर घडी करून खाली दाबली, तेव्हा कुठे कार्ड आत गेलं. सगळे स्क्रू परत गेले. थाळी रिकामी झाली. तिनं बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला.

जीवरामभाऊ खुर्चीवरून उठले. नानांनी डोळे मिटले. आणि मी, कुणी न विचारता, म्हणालो, "मी आधीच सांगत होतो." तसं मी काहीच सांगितलं नव्हतं.

कुंदाबाईनं बटण बंद केलं आणि पुन्हा झाकण उघडलं. पहिला निघालेला स्क्रू परत मिठाच्या जागी ठेवला, म्हणजे काम पहिल्यापासून सुरू. प्रोसेसरचा कोपरा पाहिला, बरोबर होता. मग ती बोर्डावरची बारीक अक्षरं भिंगातून लावत बसली. या मशीनच्या पोटात चित्र काढायची जुनी सोय होतीच. ती चालू असेपर्यंत नव्या कार्डाला बोलू देणार नव्हती. एका पानात दोन वाढपी घुसले होते. एका कोपऱ्यात आगपेटीच्या गुलाएवढी काळी टोपी दोन तारांवर बसवलेली सापडली. तीच जुनी सोय चालू ठेवत होती. कुंदाबाईनं ती टोपी चिमट्यानं उचलून शेजारच्या तारांवर बसवली आणि बटण दाबलं.

अक्षरं आली, स्वच्छ आणि न थरथरता.

"नाना, बसा," ती म्हणाली. नाना बसले. जीवरामभाऊ म्हणाले, काहीतरी जुळवून दाखवा. नानांनी तिचंच नाव जुळवलं. मग पान मोठं केलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच 'कुं' अर्ध्या पडद्याएवढा झाला आणि त्याच्यावरचं टिंब तुरीच्या दाण्याएवढं. नाना त्या टिंबाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यांनी माझी तपासलेली एक पत्रिका उघडली आणि पाच मिनिटांत मला त्यातल्या सुटलेल्या दोन चुका दाखवल्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. जळगावच्या ऑपरेटरला जीवरामभाऊंनी नको म्हणून कळवलं. नाना पुढं सात वर्षं त्या खुर्चीवर बसले.

आखाजीनंतर मी माझा रेडिओ घेऊन कुंदाबाईच्या दुकानात गेलो. काउंटरवर दुकानाच्या कार्डांचा गठ्ठा होता. आमच्याच छापखान्यात आदल्या वर्षी छापलेला. मी सवयीनं एक उचललं. 'कुंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती'. टिंब निळ्या शाईचं होतं. दुसरं उचललं, त्यावरही निळं. वरच्या सगळ्या कार्डांवर तेच. छापताना ते 'कुदा' झालं होतं आणि तिनं एकेका कार्डावर पेनानं टिंब दिलं होतं.

"किती होती?" मी विचारलं.

"पाचशे."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

तिनं रेडिओचं मागचं झाकण काढून पहिला स्क्रू थाळीत वर ठेवला. "मी सांगती ते तुम्ही नानाले काढी टाकतात, गुरुजी."

सुधारलेल्या मशीनवर नवी कार्डं छापून देतो, असं मी म्हणालो. ती म्हणाली, पैले ह्या सरू द्या. मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि गठ्ठ्यात तळाशी बिनटिंबाची राहिलेली चाळीसेक कार्डं होती, त्यांवर टिंबं देत बसलो.