महादूमामांच्या कुंड्या

रिसोडच्या बाजारात पत्रकं वाटत होते, तेव्हा निरोप आला… महादूमामा गेले. हातातली पत्रकं संपवूनच मी मंगरूळपीरला निघाले. त्या शिस्तीची आज किळस येते.

मामा सरकारी बंगल्यावर माळी होते. व्हरांड्यातल्या कुंड्या त्यांच्याकडे. क्रोटन, पाम, नेचे, रंगीत पानांचा अळू. आमच्या उन्हात जगूच नयेत अशी झाडं, गोऱ्या साहेबाच्या डोळ्यांना गार वाटावं म्हणून ठेवलेली. मामा वाळ्याच्या ताट्या भिजवून त्यांना गारवा करत आणि एकेक पान ओल्या फडक्यानं पुसत. पुसताना पानाखाली तळहात धरत, तापलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं. मला संताप यायचा. वस्तीत बाया घागरीसाठी भांडतात आणि इथे पानांना अंघोळ! मी तसं छापलंसुद्धा.

वैशाखात आम्ही बंगल्यावर बहिष्कार पुकारला. स्वयंपाकी, शिपाई बाहेर पडले. मामाही पडले, कारण फाटकात भाची उभी होती. ‘महादू माळ्यांनी गुलामीवर लाथ मारली,’ असं मी पत्रकात लिहिलं. मामांना वाचता येत नव्हतं.

चार दिवसांनी ते म्हणाले, “पोरी, जाऊन पानी घालून येतो. पगार नको मले.”

“मामा, ते साहेबाचे झाडं हायेत.”

“झाडायले काय मालूम साहेब कोन हाये! तहानेनं मरून राह्यले ना वं ते.”

“गेले तुमी, तं मी तुमच्याच दारात उपाशी बसीन.”

ते आत गेले नाहीत. मी जिंकले. पण मामा रोज भर दुपारी कुंपणाबाहेर उभे राहून पानगळ बघत राहिले, आणि तिथूनच एक दिवस ताप घेऊन घरी आले…

आता आमचे कार्यकर्ते त्यांना हुतात्मा म्हणून छापायला निघालेत. खबरदार! त्या माणसानं कशावरही लाथ मारली नव्हती. ती मी मारायला लावली.

तेराव्यानंतर मी मामांच्या घरातल्या मागच्या खोलीत गेले. झरोक्याखाली ओलं गोणपाट, त्याखाली औषधाच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीत क्रोटनची एक फांदी. पाण्यात पांढरी मुळं सुटलेली. बंगला सोडताना मामांनी त्या फांद्या धोतरात लपवून आणल्या होत्या. मामी खाली बघत म्हणाली, “तुले दिसू देऊ नको म्हनले होते.”

पोलिसांची भीती त्यांना कधी वाटली नाही.

मी त्या खोलीत आता रोज जाते. आणि माझं पाऊल उंबऱ्यावर वाजलं की मामी अजूनही घाईघाईनं ते गोणपाट पुढे ओढते.