दीपगृहाखाली काढलेले बूट

बायको गेल्यावर पोरानं मला अमेरिकेत आणलं. व्हिसा दोघांचाही झाला होता, तिकिटं तेवढी काढायची राहिली होती. ती हार्टनं गेली आणि मग एकच तिकीट निघालं.

पिस्कॅटवेला पोराच्या अपार्टमेंटमध्ये मी दिवसभर खिडकीशी बसून असायचो. सुनेला ते बघवत नव्हतं. एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, आज समुद्रावर जाऊ. तिथल्या एका बेटावर दीपगृह आहे, वरपर्यंत चढता येतं."

"चढून काय करायचं? समुद्र खालूनही दिसतो."

तरी गेलो. मी नाही म्हटलं की ही दोघं एकमेकांकडं बघतात, ते मला सहन होत नाही.

निघताना दारात सून माझ्या पायांकडं बघून म्हणाली, "हे शूज आता टाकून द्या ना, बाबा. नवीन पेअर आणून ठेवलीय, तुम्ही बॉक्ससुद्धा उघडला नाही." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

ते बूट बायकोनं नागपुरात, बर्डीच्या बाजारात पसंत केले होते. विमानात पाय सुजतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून एक नंबर मोठे घेतले. घरी येऊन बघतो तर पाय आत खुळखुळायला लागले. मी म्हटलं, बदलून आणू. ती म्हणाली, काही नको. तिनं फाटकी सतरंजी काढली, लाल-हिरव्या पट्ट्यांची. माझी पावलं त्या सतरंजीवर ठेवून खडूनं आखली, कापली, काठ दोऱ्यानं शिवले आणि एकेक तुकडा बुटांत बसवला. "आता चालून दाखवा," म्हणाली. मी अंगणात चालून दाखवलं. त्याच आठवड्यात ती गेली. त्या तुकड्यांनंतर तिच्या हातचं दुसरं काही झालं नाही. हे मी पोराला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की रडारड होते.

पुलावरून गाडी थेट बेटावर गेली. दीपगृह पांढरं, गोल, चांगलं उंच. पोरगा आणि सून तिकिटाच्या खिडकीशी उभे होते. दाराशी एक बाक होता आणि बाकाखाली चार-पाच जोड काढलेले, त्यात लहान पोरांचेही. शेजारी बोर्ड होता, तो इंग्रजीत, मला काही कळला नाही. आमच्या विहारात दाराबाहेर चार जोड दिसले की पाचवा आपला काढायचा, त्याला कुणी सांगावं लागत नाही. मीही काढले, शेजारी नीट लावून ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. पोरगा पुढं निघाला होता आणि सून फोनवर फोटो काढत मागून येत होती, त्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आतला जिना लोखंडी जाळीचा. मोज्यातून ती जाळी तळव्याला टोचत होती. मनात म्हटलं, ही माणसं नियमाला फार कडक दिसतात.

वर बाहेर आलो तर वारा असा की टोपी हातात धरावी लागली. खाली पिवळी वाळू आणि पुढं नुसतं पाणी. बायकोला उंचीची भारी भीती. गच्चीवर वाळवण घालायची तेसुद्धा मधोमध बसून. इथं आली असती तर खालीच बाकावर बसली असती, चपला राखत.

तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, तुमचे शूज कुठंयत?"

"खाली काढले."

"का?"

"सगळ्यांनी काढले होते."

पोरगा हसायला लागला. "अहो, ते लोक बीचवरून आलेत. बूट काढून नळावर वाळू धूत असतील. हे काय विहार आहे का?"

मी बाजूला बघितलं. गॅलरीतल्या एकूण एक माणसाच्या पायात बूट होते. कठड्यावरून खाली वाकलो. बाक दिसत होता, पण त्याच्याशी एकही जोड दिसेना.

उतरताना माझे गुडघे नेहमी दुखतात. त्या दिवशी दुखले की नाही, आठवत नाही.

खाली बाकाशी नुसती वाळू पडली होती. पोरगा म्हणाला, "जाऊ द्या ना. तसेही जुने झाले होते. वाटेत मॉलमध्ये नवे घेऊ."

"नवे तुझ्या पायात घाल. मला तेच पाहिजेत."

माझा आवाज चढला असणार, कारण लोक वळून बघायला लागले. मग तिथंच, मोज्यांवर उभ्या उभ्या, सतरंजीचं सगळं सांगून टाकलं. सून कचऱ्याच्या डब्याशी गेली, बाही वर केली आणि हात घातला. आत कॉफीचे कप, अर्धवट खाल्लेला पिझ्झा, पोरांचे डायपर.

"बाई, राहू दे," मी म्हटलं.

"थांबा हो, बाबा."

पोरगा तिकिटाच्या खिडकीकडं गेला आणि तिथून त्यानं हाक मारली, "बाबा, इकडं या."

खिडकीतली बाई माझ्याच वयाची असेल. तिनं टेबलाखालून माझे बूट काढून समोर ठेवले. एकातली सतरंजी अर्धी बाहेर लोंबत होती. बाई भराभर इंग्रजीत बोलत होती आणि पोरगा मला मराठीत सांगत होता. एका समुद्रपक्ष्यानं ते लाल टोक चोचीत धरून ओढायला सुरुवात केली होती. ही धावत बाहेर गेली, त्याला हाकललं आणि बूट आत आणून ठेवले. तो कसा ओढत होता हे तिनं दोन्ही हात फडफडवून, मान हिसडून दाखवलं. मला हसू आलं. सूनही हसली, घाण झालेला हात अंगापासून लांब धरून.

मी बुटात हात घातला. एका कोपऱ्याचे टाके सुटले होते, बाकी सगळं जागेवर. बूट उचलले आणि बाकावर जाऊन बसलो.

सून हात धुऊन आली आणि शेजारी बसली. सतरंजी आत सरकवून तिनं बोटांनी सपाट केली.

"बाबा, घरी सुईदोरा आहे. हा कोपरा शिवून देऊ?"

मी सुटलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हटलं, "दे. पण तिचे टाके उसवू नको."

"नाही उसवत. त्यांच्या शेजारून घालते."

"आणि दोरा जाड घे. मला अजून पुष्कळ चालायचंय."