वर्ना क्रेब्सच्या घरातल्या सात बंदुका

बंदूक दुसऱ्याच्या हातात देताना चेंबर, म्हणजे नळीमागची काडतुसाची जागा, उघडायचं, आत करंगळी घालून बघायचं आणि मोठ्याने "रिकामी" म्हणायचं. घेणाऱ्यानेही तेच करायचं, तेच म्हणायचं. समोर बाप असो, पाद्री असो की शेरीफ. कोल्ड रनच्या शिकार क्लबात वर्ना क्रेब्स एकतीस वर्षं हे शिकवते आहे. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात मुलं बाराव्या वर्षी शिकारीचा परवाना काढतात. त्यामुळे निम्म्या गावाच्या करंगळ्या तिने कधी ना कधी तपासलेल्या आहेत. तिला स्वतःला हे लग्नाआधी शिकवलं ते ड्वेनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने.

११ फेब्रुवारीला, रविवारी, जेवण झाल्यावर ड्वेन तळघरात बंदुका पुसत बसला होता. वर्ना वाळलेले कपडे आणायला खाली उतरली.

"त्या जुन्या रायफलीचा स्क्रू सैल झालाय म्हणत होतास. दे, बघते."

त्याने रायफल उचलून दिली. उघडली नाही, काही म्हणालाही नाही. वर्नाने सवयीने चेंबर उघडायची लिव्हर ओढली. एक काडतूस उडून सिमेंटवर पडलं आणि घरंगळत कपड्यांच्या टोपलीपर्यंत गेलं.

"हे कुठून आलं?" ड्वेन म्हणाला आणि पुन्हा चिंधी घेऊन कामाला लागला.

भरलेली बंदूक घरात आणली म्हणून हाच माणूस सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलला नव्हता. तो ओरडला असता, स्वतःला शिव्या घातल्या असत्या, तर वर्ना कपडे घेऊन वर गेली असती. तो फक्त पुसत राहिला. वर्नाने काडतूस उचलून खिशात टाकलं, कपड्यांच्या घड्या तिथेच घातल्या. चारदा घातलेली घडी पाचव्यांदा घातली. त्याला खाली एकट्याला सोडून जिना चढायचा तिला धीर होईना.

ड्वेन सहासष्ट वर्षांचा. काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं भट्टीवर होता. कारखाना बंद झाला तेव्हाही तो इतका गप्प झाला नव्हता. ऑक्टोबरमध्ये त्याचा चाळीस वर्षांपासूनचा शिकारीतला जोडीदार एल्मर शूप याने स्वतःच्या बंदुकीने स्वतःला संपवलं. त्यानंतर हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस आला, ज्याच्यासाठी इथे शाळासुद्धा बंद असतात, आणि ड्वेन घरात बसून राहिला. गुडघा दुखतो म्हणाला. पाच वर्षांत क्लबाने असे चार सभासद गमावले. भिंतीवरच्या फळीवर त्यांची नावं आहेत, खाली जन्म-मृत्यूची सालं आहेत, बाकी काही नाही.

वर्ना शाळेची बस चालवते. सकाळी दोन फेऱ्या, दुपारी दोन. प्रत्येक फेरीनंतर शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन कुणी झोपलेलं पोर राहिलं नाही ना, हे बघायचं असतं. त्या आठवड्यापासून ती घरही तसंच बघू लागली. सकाळच्या फेऱ्या संपल्या की बस आवारात लावून नऊ चाळीसला फोन करायची.

"ड्वेन, दूध आहे का?"

"आहे."

"बरं. तरी आणते."

तो फोन उचलेपर्यंत वाजणाऱ्या घंट्या ती मोजायची. साधारण चौथ्या घंटेला उचलायचा. एका गुरुवारी नऊ झाल्या. तेवढ्यात तिने गाडी सुरू करून आवाराचं फाटक ओलांडलं होतं. तो अंगणात पक्ष्यांना दाणे टाकत होता.

बंदुका घरातून हलवाव्यात हे तिला कळत होतं. इथे ती जुनी रीत आहे. कुणाचा घटस्फोट चालू असतो, कुणाचा मुलगा गेलेला असतो. मित्र येऊन म्हणतो, थोडे दिवस तुझ्या बंदुका माझ्याकडे राहू देत. कागद नाही, चर्चा नाही. वसंतात परत मिळतात. पण ज्याच्याकडे ड्वेनने दिल्या असत्या तो मित्र एल्मरच होता. आणि चोरून उचलाव्यात, तर टेबलाच्या खणातली ती पत्रं होती.

पत्रं महासंघाची. देशभरातल्या बंदूकधारकांची ही संघटना. ड्वेन तिचा आजीव सभासद. टोपीवर तिचा बिल्ला, ट्रकच्या काचेवर तिचं चिन्ह. महिन्याला दोन पत्रं येतात आणि दोन्हींत एकच मजकूर असतो: ते येतायत, आधी यादी करतील, मग दार वाजवतील, घरातलाच कुणी दार उघडेल. शेवटी देणगीचा कागद. ड्वेन ती जपून ठेवतो. त्याच्या पाठीमागे बायकोनेच बंदुका नेल्या, तर पत्र खरं ठरणार होतं. त्यानंतर तो काय करेल, याचा विचार वर्ना बस चालवताना करायची नाही. चालवताना करता येत नसे.

तिला स्वतःला महासंघाचा राग नव्हता. ती एकवीस वर्षं सभासद आहे. डोंगरावर बंगले बांधलेल्या लोकांनी आवाजाची तक्रार करून क्लबाचं चांदमारीचं मैदान बंद करायला काढलं, तेव्हा महासंघाचा वकील आठ महिने खेपा घालत होता, फुकट. तिचं प्रशिक्षकाचं पुस्तकही त्यांचंच. क्लबाचा नियमच आहे की इथल्या प्रत्येक सभासदाने महासंघाचं सभासद असायचं. त्याबदल्यात मैदानाचा विमा त्यांच्याकडून मिळतो.

एल्मर गेल्यावर वर्नाने क्लबात ठराव मांडला होता: मागच्या खोलीत एक भक्कम लोखंडी कपाट ठेवू या. ज्याला वाईट दिवस आले असतील त्याने बंदुका आणून ठेवाव्यात, कुणी काही विचारणार नाही. महासंघाचं उत्तर जानेवारीत आलं. क्लबाने इतरांच्या बंदुका ठेवल्या की त्यांची नोंद होणार, नोंद म्हणजे यादी. असं कपाट ठेवणाऱ्या क्लबाशी संबंध ठेवता येणार नाही. २४ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, मतदान ठरलं. कपाट की महासंघ.

ठराव मांडला तेव्हा ते कपाट मेलेल्या एल्मरसाठी होतं. आता ते तिच्या घरासाठी हवं होतं आणि ती हे कुणालाच सांगू शकत नव्हती.

शनिवारी एकाहत्तर माणसं आली. हरणाच्या मांसाचं तिखट कालवण होतं, बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी होत्या. ड्वेन येईल असं वर्नाला वाटलं नव्हतं, पण महासंघाचा माणूस येणार म्हणून तो दाढी करून, टोपी घालून आला आणि दुसऱ्या रांगेत तिच्या शेजारी बसला.

महासंघाचे प्रतिनिधी ब्रॅडली नूनन चाळिशीचे, नम्र गृहस्थ. दोनदा कालवण घेतलं आणि खरोखर चवीने खाल्लं.

"मी भांडायला आलेलो नाही," ते म्हणाले. "आम्ही नसतो तर तुमच्या मैदानावर आज गोल्फ चालू असतं, एवढीच आठवण करून द्यायला आलोय."

"गोल्फसुद्धा वाईट नाही," मागून स्टॅश विएचोरेक म्हणाला. स्टॅश गाई पाळतो आणि बैठकीत गप्प बसणं त्याला जमत नाही. "त्यात हरणं स्वतःहून येतात."

"तू शिकारीत मारलेली हरणंसुद्धा स्वतःहूनच मेली असतील," कुणीतरी म्हणालं. हशा झाला. ड्वेन हसला नाही.

"नूननसाहेब," अध्यक्ष रॉय टॉमचॅक म्हणाला, "कपाटात यादी ठेवायचीच नाही, असं ठरवलं तर?"

"चोरी झाली, आग लागली, तर पोलीस विचारतील कुणाची कुठली. मग तुम्ही लिहाल. चांगल्या हेतूनेच लिहाल. याद्या अशाच सुरू होतात." हे म्हणताना त्यांचा आवाज चढला नाही. बरीच डोकी हलली. मग त्यांनी विचारलं, "आणि मला सांगा, हे कपाट हवंय कुणाला? या खोलीत असा एक तरी माणूस आहे का? असेल तर मी तसं वर कळवतो."

प्रश्नात डाव नव्हता. पण एकाहत्तर माणसांत हात वर करायचा म्हणजे काय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जो हात वर करील, त्याच्याशी उद्यापासून लोक हळू आवाजात बोलणार होते. वर्नाचा हात कोटाच्या खिशात होता. तिथे ते काडतूस होतं, तेरा दिवसांपासून. शेजारी ड्वेनचा गुडघा हलत होता, तो एकदम हलायचा थांबला.

तिने हात वर केला.

"वर्ना?" रॉय म्हणाला. "तुला?"

"माझ्या घराला."

"कशासाठी पण?"

"मला भीती वाटते," वर्ना म्हणाली. "बास. याच्यापुढे विचारू नकोस, रॉय."

"बस खाली, वर्ना," ड्वेन हळूच म्हणाला. ती बसलेलीच होती.

नूनन खाली बघत कागद सरळ करत राहिले. स्टॅशसुद्धा काही बोलला नाही. मतदान झालं. चाळीस विरुद्ध एकतीस. महासंघ राहिला, कपाट गेलं. ड्वेनने महासंघाला मत दिलं. वर्नाने कपाटाला. जाताना नूनन तिच्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, मी खरंच कळवीन." कळवलं असेलही.

घरापर्यंत अकरा मैल. ड्वेन गाडी चालवत होता. सहाव्या मैलावर म्हणाला, "सगळ्यांसमोर."

"हो."

"सगळ्या गावाला कळलं आता."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"घ्यायला लागतंय कशाला?"

घरी पोचल्यावर त्याने टोपी खुंटीला लावली, तळघराचा दिवा लावला आणि खाली गेला.

वर्ना जिन्याच्या वरच्या पायरीशी उभी राहिली. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते, असं ती सांगते, आणि ही बाई एकदा बर्फात घसरलेली बस बावीस पोरांसकट थांबवून आलेली आहे. खाली गेलं तर तो चिडेल, न गेलं तर. मी चूक केली, चूक केली, एवढंच डोक्यात होतं. बंदुकांच्या तिजोरीचं चाक फिरल्याचा आवाज आला. लोखंडावर लाकूड घासलं. मग धातूचा तो आवाज, जो ती झोपेतही ओळखते. लिव्हर उघडली की मिटली, हे मात्र वरून कळेना. ती चार पायऱ्या उतरली आणि तिथेच बसली.

ड्वेन दोन रायफली घेऊन जिन्याशी आला. दोन्ही उघड्या होत्या.

"वाट सोड," तो म्हणाला. "गुडघा दुखतोय माझा."

तीन खेपांत सहा बंदुका स्वयंपाकघरातल्या टेबलावर आल्या. सगळ्यांची चेंबरं उघडी, सगळ्यांच्या नळ्या भिंतीकडे.

"स्टॅशला फोन कर. त्याच्या कोठारात जागा असेल. क्लबात नको म्हणजे नको, नूनन म्हणतोय ते बरोबरच आहे. आणि त्याला म्हणावं, लिहून ठेवलंस तर तंगडी तोडीन."

वर्नाने टेबलाकडे बघितलं. "सातवी?"

सातवं पिस्तूल होतं. पलंगाजवळच्या कपाटातलं.

"ते राहू दे. दारात कुणी आलं तर?"

"कोण येणार आहे, ड्वेन?"

पिस्तूल त्याने दिलं नाही. स्टॅश ट्रक घेऊन आला, गोधडीत गुंडाळून सहा बंदुका घेऊन गेला, जाताना अंगणातल्या पक्ष्यांविषयी काहीतरी बोलला.

सोमवारी वर्नाने बावीस वर्षांत पहिल्यांदा बस चालवली नाही. खुर्ची उचलून निजायच्या खोलीच्या दारात ठेवली आणि विणायला बसली. तिला विणता येत नाही.

"हे काय चाललंय?"

"मोजे."

"कुणाचे? गाढवाचे?"

मंगळवारीही ती बसली. दुपारी ड्वेन तिच्या अंगावरून आत गेला, कपाट उघडलं. तिने मान वर केली नाही, करवली नाही. तो समोर येऊन उभा राहिला. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढलेला होता, काडतुसांचा खण काढलेला, नळी जमिनीकडे.

"रिकामी," तो म्हणाला.

तिने करंगळी घातली. बारा वर्षांच्या पोरासमोर घालते तशी, नीट, पहिल्या पेरापर्यंत. "रिकामी."

मार्चमध्ये तो डॉक्टरकडे एकदा स्वतः गेला आणि दोनदा तिने नेलं. बरा आहे असं कुणी म्हणत नाही. जेवतो, पक्ष्यांना दाणे टाकतो, एल्मरच्या बायकोचं कुंपण नीट करून आला. स्टॅशच्या कोठारात आता आणखी दोन घरांच्या बंदुका आहेत. किती, ते कुठेही लिहिलेलं नाही.

मे महिन्यात वर्नाची महासंघाची वर्गणी भरायची वेळ आली. आठवडाभर कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. शेवटी तिने मैदानासाठी म्हणून वर्गणी भरली आणि सोबत चार ओळी पाठवल्या: 'कोल्ड रनच्या फळीवरच्या चौघांपैकी एकाच्याही दारात कुणी आलं नव्हतं. पुढच्या पत्रात हे छापा. छापणार नसाल, तर माझ्या नवऱ्याला पत्रं पाठवू नका.' उत्तर नाही. ड्वेनची पत्रं येतात. तो खणात ठेवतो. काही पाकिटं हल्ली न फोडलेली असतात.

नऊ चाळीसचा फोन चालू आहे.

"ड्वेन, दूध आहे का?"

"तीन डबे आहेत, बाई. मी आहे. आता चौथा आणू नकोस."

तरी ती घंट्या मोजते.