अडलेला पाढा

ठाण्याच्या शर्यतीत शेवटची रेघ ओलांडून मी केळं सोलत होतो, तेव्हा फोन आला. सुधीर मागे, पाण्याच्या टेबलापाशी कोसळला होता. मी उलटा धावत गेलो… तोवर त्याला नेलं होतं. हृदयाच्या स्नायूंना सूज होती, असं नंतर डॉक्टर म्हणाले. विषाणूच्या तापानंतर येते कधीकधी.

डोंबिवलीत आम्ही दोघं पहाटे एमआयडीसीच्या रस्त्यावर पळायचो. सुधीर गणिताचे क्लास घेणारा, त्यामुळे दम मोजायची त्याची रीतही तसलीच. पळता पळता एकोणतिसाचा पाढा मोठ्याने म्हणायचा. न अडखळता संपला तर वेग बरोबर, अडला तर चालायला लागायचं. माझं महागाचं घड्याळ बघून म्हणायचा, ते लग्नाला घालत जा.

शर्यतीआधी त्याला सणसणीत ताप आला. उतरला, पण जिना चढताना तो मधेच थांबू लागला. डॉक्टरांनी महिनाभर पळू नका म्हटलेलं. त्याची बायको, मेधावहिनी, मला गाठून म्हणाल्या, तुमचं ऐकतील ते, तुम्ही अडवा. मी हो म्हणालो. पण एकवीस किलोमीटर एकट्याने पळायची माझी तयारी नव्हती…

आदल्या रविवारी सुधीर म्हणाला, "पाढाच ठरवेल रे. अडलो तर घरी बसेन, तू माझ्या वाटचं मेडल घेऊन ये."

त्याच सकाळी आम्ही नेहमीच्या रस्त्यावर पळायला लागलो. पाढ्याची सुरुवात ठीक झाली. मग, "एकोणतीस पाचे…" आणि नुसता श्वास. मी बाजूने पटकन म्हणालो, "पंचेचाळासे." त्याने पुढचं धरलं. पुन्हा अडला, पुन्हा मी पुरवलं. असा दोघांनी मिळून संपवला.

"झाला ना?" गुडघ्यांवर हात टेकून त्याने विचारलं. ओठ पांढरे पडलेले.

"झाला," मी म्हणालो.

सुधीरच्या दिवसकार्याला वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, भावोजींनी खूप अडवलं, ह्यांनीच ऐकलं नाही. मी मान खाली घालून बसलेलो. लोकांना ते दुःख वाटलं. तेव्हा तिथे जे जे होते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

वहिनींना मात्र हे पाढ्याचं आधी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणीतरी अडवलं होतं, एवढ्यावर मी झोपत होते, भावोजी."

बाल्कनीच्या दोरीवर त्याचा पळायचा टी-शर्ट अजून चिमट्यांत होता, उन्हाने खांद्यांवर विटलेला. त्यांनी तो काढला, घडी घातली, आणि घडी मोडून पुन्हा तिथेच वाळत घातला. मला जा म्हणाल्या नाहीत… बसा, असंही नाही.