रद्द झालेला कार्यक्रम

मी संगीत लिहिते. तीस-चाळीस वादकांनी एकत्र वाजवायचं, कागदावर मापून मांडलेलं संगीत. ते वाजवून घ्यायला काठी हातात धरून त्यांच्यासमोर उभीही राहते. आणि डबल बेस वाजवते, व्हायोलिनच्या जातीचं पण खर्जात बोलणारं. हे वाद्य माझ्यापेक्षा उंच आहे. भोरला घरी नेलं की गल्लीतल्या बायका आईला विचारतात, "लेकीनं कपाट आणलं का हो?"

पानशेतच्या बाजूला मामेबहिणीच्या लग्नात मी आबांची सनई पहिल्यांदा ऐकली. ते वेल्ह्याकडच्या एका वाडीतले, घरात सनई पिढीजात, वय सत्तरीच्या पुढं. मांडवात पंगत बसली होती, कुणाचं लक्ष नव्हतं, आणि हे डोळे मिटून नवरी निघताना वाजवायची चाल वाजवत होते. मी ती तिथंच लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतली.

मग चार रविवार मी डबल बेस गाडीत आडवा घालून त्यांच्या पडवीत गेले. सनईखाली कुणालातरी सतत एक सूर धरावा लागतो. तो त्यांचा धाकटा भाऊ धरायचा. तो वारला होता. मी बेसवर तो सूर धरला, तसे आबा वाजवता वाजवता थांबले.

"ताई, ह्यो आवाज जिमिनीतनं येतोय," ते म्हणाले. "भाऊ गेल्यापास्नं म्या असं भरून वाजिवलंच न्हाई."

त्या चालीवर मी मोठी रचना लिहिली. पुण्याला येऊन वाजवाल का, असं विचारलं तर म्हणाले, "तुमी सूर धरताय न्हवं? मग कुठंबी येतो."

पण पुण्यात मला समोर उभं राहायचं होतं. बेस दुसऱ्याच्या हातात होता. तालमीच्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले आणि खुर्चीवर बसल्या बसल्या मागं वळून मला शोधू लागले. मी समोरून हात केला, "आबा, मी इकडं आहे." ते पुढं वळून बसले.

सनईची जागा आली. मी काठी खाली आणली, चार मात्रांनी चाल थांबायला हवी होती. ती थांबली नाही. आबांचे डोळे मिटलेले, सूर पुढं चाललेला, आणि बाकीचे सगळे अडकलेले. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी पहिल्या व्हायोलिनवाल्याकडं बघून इंग्रजीत म्हणाले की यांना चारपर्यंत मोजता येत नाही. सगळे हसले. मीही हसले.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी सनई मांडीवर ठेवली आणि फडक्यानं पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

दोन दिवसांनी मी फोन केला. "आबा, कार्यक्रम रद्द झाला."

"आगं बया. तुमचं काय नुकसान तर न्हाई ना झालं?"

"नाही, नाही."

"मग घोर लावून घिऊ नगा. व्हतं असं." वाडीतली माणसं जीप करून येणार होती, त्यांना सांगतो म्हणाले.

कार्यक्रम ठरल्या दिवशीच झाला. सनईची जागा एका मुलानं ओबोवर, सनईच्याच जातीच्या विलायती वाद्यावर, वाजवली, माझ्या कागदावरून, चार मात्रांत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मातीचा वास आला, असं एकजण येऊन म्हणाला. मी वाकून आभार मानले.

पुढं आठ महिने मी वेल्ह्याकडं गेले नाही. भोरला जाताना कापूरहोळला गाडी बंद पडली आणि गॅरेजसमोर उभी होते, तर रस्त्यापलीकडं एसटीची वाट बघत आबा बसलेले. त्यांनीच आधी हाक मारली. "ताई, बऱ्या हाय न्हवं?"

मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. "आबा, मी खोटं बोलले. कार्यक्रम झाला होता."

"ठावं हाय. नातीनं मोबाईलवर दाविला."

"मग मला फोन का नाही केलात?"

"कशापायी? तुमाला लाज वाटली असती."

मग तेच म्हणाले, "पोरानं ग्वाड वाजिवलं. पन मधी दम तोडला. त्या जागी दम तोडायचा नसतो ताई. गालात वारा धरून नाकानं श्वास घ्यायचा, सूर चालूच. पोरगी उंबऱ्यापाशी अडते तितं. ती जवर निघत न्हाई तवर आमी सोडत न्हाई."

म्हणजे त्यांना मोजता येत होतं. मांडवातल्या गोंगाटात मीच चुकीचं लिहून घेतलं होतं, नको त्या जागी विराम घातला होता, पडवीतही तो कागद ताडून पाहिला नव्हता, आणि तीन वेळा त्यांना त्या विरामाशी थांबवू बघत होते.

"पुढच्या वेळी तुम्ही या," मी म्हणाले. "मी बेसवर बसते. समोर दुसरं कुणीतरी उभं राहील."

"न्हाई." एसटी आली होती, ते पिशवी उचलून उठले. "ती माणसं हासली, तुमीबी हासला. आता जीव व्हणार न्हाई."

मी तो विराम खोडला. पुढच्या प्रयोगाच्या तालमीत वादकांना सगळं सांगितलं, मी काय बोलले होते तेही. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आबांचं नाव माझ्या नावाच्या वर छापलं आणि एक प्रत घेऊन वाडीवर गेले. त्यांनी ती नातीकडून वाचून घेतली, घडी करून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. चहा झाला, भातशेतीचं बोलणं झालं.

त्यानंतरही मी जाते. ते आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, निघताना हातसडीचे तांदूळ बांधून देतात. सनई मात्र माझ्यासमोर त्यांनी पुन्हा काढलेली नाही, आणि वाजवा म्हणायचा धीर मला झालेला नाही.